'स्पॉक्स ब्रेन' : स्टार ट्रेकचा सगळ्यात टुकार भाग, की उगाच बदनाम?

कोपऱ्यातला_वाचक

मूळ स्टार ट्रेक (साठच्या दशकातली अमेरिकन अंतराळ-मालिका; कप्तान कर्क, भावना बाजूला ठेवणारा स्पॉक, डॉक्टर मॅकॉयवाली) पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलंय. दोन सीझन मजेत गेले. तिसऱ्याचं दार उघडलं तर समोर 'स्पॉक्स ब्रेन'. २० सप्टेंबर १९६८ला पहिल्यांदा दाखवलेला भाग आहे, तेव्हा कथा फोडली म्हणून कुणी ओरडू नये.

एक अनोळखी यान येतं. त्यातली बाई थेट एंटरप्राइजच्या (म्हणजे कर्कच्या यानाच्या) ब्रिजवर, नियंत्रण-कक्षात, प्रकटते, मनगटावरचं बटण दाबून सगळ्यांना आडवं करते. शुद्धीवर येऊन बघतात तर स्पॉक सिकबेमध्ये (यानावरच्या दवाखान्यात) आणि त्याच्या डोक्यातला मेंदू गायब. केस मात्र जसेच्या तसे! शरीर फार तर २४ तास तग धरेल, म्हणून शोधाशोध. सिग्मा ड्रॅकोनिसच्या एका बर्फाळ ग्रहावर वर रानटी पुरुष, खाली जमिनीच्या पोटात बायका. या बायकांचं अख्खं शहर आता स्पॉकचा मेंदू चालवतोय. मॅकॉय स्पॉकच्या रिकाम्या देहाला रिमोट बसवून सोबत नेतो. शेवटी एक ज्ञानदायी टोप डोक्यावर चढवून मेंदू परत बसवतो.

सगळे या भागाला हसतात, मीही हसलो. पण माझी तक्रार हास्यास्पद असण्याबद्दल नाहीच. या मालिकेत दगडासारखा दिसणारा, पिल्लांसाठी झगडणारा आई-प्राणी आपण डोळ्यांत पाणी आणून बघितलाय. मेंदू चोरीला जाणं त्यापेक्षा अचाट नाही. हा भाग आळशी आहे. दहा हजार वर्षं एक मेंदू शहर चालवत होता, तो मरायला टेकला म्हणून यांनी दुसरा आणला. तो काढून घेतला तर खालच्या लोकांचं काय? कारा नावाची ती बाई गयावया करते, आम्ही मरू म्हणते. कर्क दोन-चार वाक्यांत निकाल लावतो: वर जा, घरं बांधायला शिका, आम्ही सुरुवातीला मदत करू. एवढा मोठा प्रश्न हातात आला होता आणि लेखकाला तो दिसलासुद्धा नाही.

तुमचं मत काय? आणि यापेक्षा टुकार भाग असेल तर सांगा.

अर्धवट_पुणेरी

ब्रेन अँड ब्रेन! व्हॉट इज ब्रेन?

(धाग्यात हे कुणीतरी लिहिणारच होतं, म्हटलं आपणच उरकून टाकू.)

सांडगे_मिरची

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मला तो रिमोटचा आवाज आवडतो. कटकट कटकट करत स्पॉक वळतो. आमच्याकडेही असा एक देह रोज संध्याकाळी सोफ्यावर असतो, फक्त रिमोट त्याच्याच हातात असतो.

लाल_शर्ट

लेखक कोण आहे बघितलंत का? श्रेयनामावलीत 'ली क्रोनिन' येतं. हे जीन कून यांचं टोपणनाव. म्हणजे तुम्ही ज्या दगडाच्या आईबद्दल बोलताय तो 'डेव्हिल इन द डार्क' ज्यांनी लिहिला तेच गृहस्थ! 'एरंड ऑफ मर्सी' त्यांचा, क्लिंगॉन ही शत्रू जमात त्यांची. दुसऱ्या सीझनच्या मध्यावर त्यांनी निर्मात्याचं काम सोडलं आणि दुसऱ्या स्टुडिओच्या करारात गेले, म्हणून तिसऱ्यासाठी जे लिहिलं ते टोपणनावाने.

दिग्दर्शक मार्क डॅनियल्स. 'स्पेस सीड', 'मिरर, मिरर', 'डूम्सडे मशीन' करणारा माणूस. नवशिक्यांनी घाण केली असती तर समजू शकलो असतो. इथे दोघेही मुरलेले.

कोपऱ्यातला_वाचक

@लाल_शर्ट, लेखक माहीत होता, पण दिग्दर्शकाचं लक्षात आलं नव्हतं. मग तर आळशीपणाचा मुद्दा आणखी पक्का होतो ना?

लाल_शर्ट

नाही. उलट मला वाटतं की मधली माणसं गेली होती. पहिल्या दोन सीझनमध्ये कुणाचीही संहिता आली तरी ती मालिकेचे जनक रॉडनबेरी, कून, डोरोथी फॉन्टाना यांच्या हाताखालून जायची. तिसऱ्यात कून नाहीत, फॉन्टानांनी कथा-संपादकाचं पद सोडलेलं. रॉडनबेरींनी चांगली वेळ मिळाली तर स्वतः जातीने लक्ष घालतो म्हणून एनबीसी या चॅनेलला सांगितलं होतं. चॅनेलने सोमवारची आशा दाखवून शेवटी शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. तरुण प्रेक्षक शुक्रवारी रात्री दहाला घरी असतो होय? ते मागे सरले आणि फ्रेड फ्रायबर्गर निर्माते झाले. त्यात पैसाही कमी केला. कून यांच्या कच्च्या लेखनाला 'हे चालणार नाही, परत लिही' म्हणणारा 'कून' उरला नव्हता.

वाफाळता_चहा

म्हणजे सासू गेल्यावर स्वयंपाक बिघडतो तसं. :ड

मावशी_ठाणेकर

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण स्पॉकचे कान आणि ट्रान्सपोर्टरचा तो झगमगाट यावर आमची गल्ली खूश. हा भाग तेव्हा बघितल्याचं आठवत नाही, नंतर केबलवर बघितला.

मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. त्या ग्रहावरच्या बायका म्हणजे रंगीत कपड्यांतली मोठी मुलं. स्वतःचं काही येत नाही, टोप घातला की तेवढ्यापुरती अक्कल, तीन तासांत उतरली की पुन्हा शून्य. पुरुष वर बर्फात कुडकुडतायत ते बिचारे, आणि बायका त्यांच्यावर वेदनेचे पट्टे चालवतायत. त्या रानटी पुरुषाला कर्क विचारतो तुमच्या बायका कुठे, तर त्याला 'बाई' म्हणजे काय तेच ठाऊक नाही. सगळ्यावर कर्कचा उपाय काय, तर दोघांनी वर एकत्र राहायचं. संसार थाटा, ऊब आपोआप येईल!

याच मालिकेने उहुरा या बाई अधिकाऱ्याला ब्रिजवर बसवलं होतं हो. आणि या भागात शहाणा प्रश्न विचारते कोण? तीच. स्पॉकचा मेंदू यांना हवाय तरी कशाला, असं ती विचारते. बाकीचे नकाशे बघत बसलेत.

अर्धवट_पुणेरी

मावशी, साष्टांग. पण सासूच्या विनोदानंतर लगेच ही प्रतिक्रिया आली हा योगायोग समजायचा का?

मावशी_ठाणेकर

नाही. चहावाल्यांनी आज स्वतः स्वयंपाक करून बघावा.

वाफाळता_चहा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करावा म्हणत होतो, पण आता ठेवतोच. खिचडी टाकली आहे.

डॉ_चिमटा

थोडं व्यवसायाच्या बाजूने.

बारा जोड्या क्रेनियल नर्व्ह, चार मोठ्या धमन्या, शिरा, खाली मज्जारज्जू. मज्जारज्जू एकदा कापला तर तो जोडायला आजही आपल्याला येत नाही. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. मॅकॉय मात्र 'हे तर लहान मूलही करील' म्हणत टाके घालतो. मधेच टोपाचं ज्ञान उतरतं आणि पेशंट स्वतःच बोलून डॉक्टरला पुढचं सांगतो. आमच्या रेसिडेंट मुलांना हे स्वप्न पडत असावं.

पण हसता हसता एक तारखांचा मेळ बघा. डिसेंबर १९६७मध्ये केपटाऊनला ख्रिस्तिआन बर्नार्डनी पहिलं हृदयरोपण केलं, पेशंट १८ दिवस जगला. फेब्रुवारी १९६८मध्ये आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. पेशंट काही तासच जगला, पण प्रयत्न झाला तो इथे, मुंबईत. मग प्रश्न उभा राहिला की धडधडतं हृदय काढायचं तर तो माणूस मेलाय हे ठरवायचं कशावरून? हार्वर्डच्या समितीने मेंदूचं काम कायमचं थांबणं म्हणजे मृत्यू असा निकष मांडला, ते प्रसिद्ध झालं ऑगस्ट १९६८च्या सुरुवातीला. हा भाग दाखवला सप्टेंबरात.

म्हणजे जगभरचे डॉक्टर 'माणूस नेमका कुठे असतो' यावर डोकं फोडत होते, आणि इकडे टीव्हीवर एक देह मेंदूशिवाय चालतोय, एक मेंदू देहाशिवाय बोलतोय. संहिता त्याआधीच लिहून झालेली असणार, तेव्हा हार्वर्डवरून सुचलं असं मी म्हणत नाही. पण हवेत तेच होतं. (आपल्याकडे ब्रेन-स्टेम डेथला कायद्याने मान्यता मिळाली ती १९९४च्या अवयवरोपण कायद्यात.)

म्हणून धागाकर्त्याशी सहमत. स्पॉक कोणता? सिकबेमधला की शहरातला? कुणी विचारतच नाही.

निळी_शाई

डॉक्टर, एक नंबर प्रतिसाद. केईएमचं हे माहीतच नव्हतं.

फिलीचा_बाळू

कुणी विचारत नाही हे पूर्ण खरं नाही. मेंदूशी पहिल्यांदा संपर्क होतो तो प्रसंग पुन्हा बघा. स्पॉक फक्त आवाज आहे. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही, देह अनंत पसरल्यासारखा वाटतो. मग हळूहळू उमगतं की आपण श्वास घेतोय म्हणजे शहरात हवा खेळवतोय, रक्त फिरवतोय म्हणजे पाणी शुद्ध करतोय, उष्णता राखतोय. स्पॉक झालेल्या निमॉयचा आवाज तिथे इतका सुरेख लागलाय की मागचे पुढचे सगळे गुन्हे माफ करावेत. आणि परत जोडण्याबद्दल तो स्वतःच बोलतो, की काटा काढायला किंवा गळू फोडायला मी डॉक्टरवर विश्वास ठेवीन, मेंदू बसवायला नाही.

कोपऱ्यातला_वाचक

@फिलीचा_बाळू, तो प्रसंग छानच आहे. पण तुम्ही सांगताय ती शंका 'जमेल का' याची आहे. 'तुला परत यायचंय का' हे कर्क विचारत नाही आणि स्पॉकही स्वतःहून बोलत नाही. ज्या माणसाला आयुष्यभर भावना नकोत, शरीराची कटकट नको, शुद्ध विचार हवा, त्याला नेमकं तेच मिळालंय. त्याला क्षणभर तरी मोह पडायला नको? तो एक क्षण दाखवला असता तर आज आपण या भागाला हसलो नसतो.

फिलीचा_बाळू

हे आवडलं. पण स्पॉकला मोह पडला असता तर तो बोलून दाखवता का?

लाल_शर्ट

निमॉयनी आपल्या आठवणींत लिहिलंय की या भागाच्या चित्रीकरणभर त्यांना ओशाळल्यासारखं वाटत होतं, आणि तिसऱ्या सीझनमध्ये तसं पुन्हा पुन्हा वाटलं. तो रिमोटवर चालतानाचा चेहरा अभिनय नसेलही. ;)

सांडगे_मिरची

बिचारा. अर्धा भाग डोक्यावर पत्र्याचा मुकुट घालून मागे उभा.

गच्चीवरचा_दुर्बिणवाला

खगोलाची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून आलो.

सिग्मा ड्रॅकोनिस हा खरा तारा आहे. कालेय तारकासमूहात, आपल्यापासून साधारण १९ प्रकाशवर्षं, सूर्यापेक्षा थोडा थंड आणि नारिंगी छटेचा. काळोख्या जागेहून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की संध्याकाळी उत्तरेला तोंड करून उभे राहा, क्षितिजापासून चाळीसेक अंशांवर. शहरातून विसरा. लेखकांनी सूर्यासारखा, जवळचा तारा निवडला, एवढा गृहपाठ नक्की केला होता.

आता गंमत. ते चोर यान आयन इंजिनावर चालतं, आणि एंटरप्राइजचा इंजिनिअर स्कॉटी ते बघून गहिवरतो, हे आपल्याला चार गोष्टी शिकवतील म्हणतो. प्रकाशाहून वेगाने नेणाऱ्या वॉर्प इंजिनवाल्या माणसाने आयन इंजिनाचं कौतुक करावं? आयन इंजिन म्हणजे कमालीचं काटकसरी पण कमालीचं मंद प्रकरण. अमेरिकेने १९६४मध्येच एक अंतराळात चालवून बघितलं होतं, तेव्हा १९६८मध्ये नाव नवं आणि भारी वाटत असणार. नासाचं डॉन यान २००७ला निघालं, २०११ला व्हेस्टाला आणि २०१५ला सीरिसला पोहोचलं, ते याच इंजिनावर. त्याचा जोर किती? तळहातावर एक कागद ठेवला की जेवढा भार जाणवेल तेवढा. तासाला शंभर किलोमीटरच्या आसपास वेग पकडायलाच चार दिवस. पण वर्षानुवर्षं ढकलत राहतं म्हणून जमतं. इस्रोने २०१७च्या जीसॅट-९ उपग्रहावर विजेवर चालणारं असंच प्रणोदन वापरलंय.

तेव्हा या बायका मेंदू घेऊन पळाल्या असत्या तर एंटरप्राइजने चहा पिऊन, अंघोळ करूनही त्यांना गाठलं असतं.

वाफाळता_चहा

खिचडी झाली. खाली लागली. पण आयन इंजिनापेक्षा लवकर झाली.

अर्धवट_पुणेरी

'सिग्मा' वाचून एकदम दूरदर्शनवरची 'स्पेस सिटी सिग्मा' मालिका आठवली. कॅप्टन तारा! झकाकू! कुणाला आठवतंय का?

मावशी_ठाणेकर

झकाकूला कोण विसरेल? आमचा धाकटा त्याला घाबरून पलंगाखाली जायचा. आता तोच मुलगा मला आंतरजालावर मंगळयानाचे दुवे पाठवतो. त्या मालिकेतली यानं पुठ्ठ्याची दिसायची, पण आपली होती म्हणून कौतुक. मात्र खरं सांगायचं तर 'स्पॉक्स ब्रेन'चं भुयारही त्याहून फार बरं नाही. रंगीत दिवे आणि रिकामी भिंत.

निळी_शाई

अवांतर वाढतंय, पण थांबवू नका. :)

तळ्यातमळ्यात

मला मुळात प्रश्नच पटला नाही. टुकार कशाला म्हणायचं? 'स्पॉक्स ब्रेन' मी चारचौघांत लावू शकतो, लोक पोट धरून हसतात, शेवटपर्यंत बसतात. तिसऱ्या सीझनमधला 'अँड द चिल्ड्रन शॅल लीड' लावून बघा. आईबाप मेलेली मुलं हातवारे करून जहाज ताब्यात घेतात, आणि मुलांचा तो हिरवट भुताळी 'देवदूत' झालाय मेल्विन बेली. हा गृहस्थ अमेरिकेतला नामांकित वकील, नट नव्हेच! पोरांनी मूठ हलवली की यान चालवणाऱ्या सुलूला पडद्यावर अंतराळात सुरे दिसतात. तिथे हसूही येत नाही, नुसतं घड्याळाकडे लक्ष जातं. कंटाळा हा खरा गुन्हा.

आणि 'द वे टू ईडन', तो हिप्प्यांचा. त्यावर फॉन्टानांनी स्वतःचं नाव लावू दिलं नाही, टोपणनाव दिलं. कुणी लाजून नाव काढून घेतलं असेल तर तो भाग स्पर्धेत पुढे जायला हवा.

लाल_शर्ट

+१ कंटाळ्याला. मात्र तिसरा सीझन सरसकट मोडीत काढू नका. 'स्पॉक्स ब्रेन'च्या पुढच्याच आठवड्यात 'द एंटरप्राइज इन्सिडेंट' लागला, फॉन्टानांचा, रोम्युलन या शत्रू जमातीच्या कमांडरवाला. ती बाई बघा, मावशी. अक्कल, अधिकार, मोह, अपमान, सगळं एका भूमिकेत. सात दिवसांच्या अंतराने तेच चॅनेल, तोच निर्माता, तोच आटलेला खिसा. नोव्हेंबरात 'द थोलियन वेब', शेवटी शेवटी 'ऑल अवर यस्टरडेज'. पैसा कमी होता म्हणून 'स्पॉक्स ब्रेन' असा झाला ही सबब तिथेच गळून पडते.

तळ्यातमळ्यात

अहो पण वर तुम्हीच पैसा कमी केल्याचं लिहिलंत ना?

लाल_शर्ट

पैसा कमी झाला हे खरंच. त्याने भुयाराच्या भिंती रिकाम्या राहिल्या. संवाद लिहायला पैसे लागत नाहीत.

मावशी_ठाणेकर

रोम्युलन कमांडर बघितली आहे, तिच्यासाठी सगळं माफ. पण मग शेवटचा भाग 'टर्नअबाउट इन्ट्रूडर'ही बघा म्हणावं. जून १९६९. बाईला कप्तान होता येत नाही म्हणून वेडी झालेली बाई कर्कचं शरीर बळकावते. सीझनचं दार उघडलं तेही माणूस आणि त्याचा देह यांची ताटातूट करून, बंद केलं तेही तसंच, आणि दोन्हीकडे दोष बाईचा.

डॉ_चिमटा

मावशी, हे निरीक्षण भारी आहे. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अर्धवट_पुणेरी

डोक्यात मेंदू आहे ना डॉक्टर? तपासून घ्या. केसांवरून कळत नाही.

फिलीचा_बाळू

मूळ प्रश्नाकडे. काल रात्री पुन्हा बघितला, या वेळी धागाकर्त्याचा चष्मा लावून. एक गोष्ट खटकली ती इथे कुणी लिहिली नाही. टोप. शहर बांधणाऱ्या पूर्वजांनी सगळं ज्ञान एका यंत्रात कोंडून ठेवलं, तेही तीन तासांत उतरणारं. म्हणजे कुणी शिकूच नये अशी सोय केली. का? भीतीने? मक्तेदारी राहावी म्हणून? आणि मॅकॉयने तोच टोप घातला तेव्हा त्याच्या डोक्यात काही काळ आपल्या सगळ्या वैद्यकापलीकडचं ज्ञान होतं. ते उतरत जाताना त्याला जाणवतंय. मॅकॉय झालेला डीफॉरेस्ट केली तिथे खरंच घाबरलेला दिसतो. ज्याने आयुष्य वैद्यकीला दिलं त्याला सगळं कळलं आणि सगळं गेलं. या माणसावर एक अख्खा भाग होऊ शकला असता. त्यांनी काय केलं? शुद्धीवर आलेला स्पॉक बडबडत सुटतो आणि मॅकॉय म्हणतो, याचं तोंड जोडायलाच नको होतं.

मला तो विनोद आवडतो, हेही सांगून टाकतो.

कोपऱ्यातला_वाचक

@बाळू, मॅकॉयचं हे माझ्या नजरेतून पूर्ण निसटलं होतं. एकाच भागात तीन कथा: देह नसलेला स्पॉक, ज्ञान गमावणारा मॅकॉय, मेंदूविना उघडं पडलेलं शहर. तिन्ही सुरू करून तिन्ही सोडल्या. @तळ्यातमळ्यात, कंटाळवाण्या भागात सोडण्यासारखं काही नसतंच, म्हणून मी त्यांच्यावर एवढा चिडत नाही.

तळ्यातमळ्यात

म्हणजे हुशार मुलगा नापास झाला म्हणून जास्त मार! असो. तुमच्याशी असहमत होऊनही परत बघावासा वाटला, हे कबूल.

सांडगे_मिरची

कर्कने 'आम्ही सुरुवातीला मदत करू' म्हटलं होतं ना? पुढच्या भागात ते रोम्युलनांकडे हेरगिरी करतायत. तिकडे बर्फात बायका चूल पेटवायला शिकल्या का, कुणी बघून आलं का?

गच्चीवरचा_दुर्बिणवाला

तिथून निघालेला प्रकाश इथे पोहोचायला १९ वर्षं लागतात. धीर धरा.